सहा ठिपके आणि एक बोट

हा लेख वाचायला घेण्याआधी एक छोटंसं प्रॅक्टिकल करा. जवळ जो कुठला कीबोर्ड असेल त्यावरच्या एफ आणि जे या दोन कळांवरून हळूच बोट फिरवा. दोन्हींवर एक बारीक उंचवटा लागेल. नंबर पॅडवरच्या ५ वरही तसाच असतो. स्क्रीनवरची नजर न हलवता बोटांना आपलं घर सापडावं, एवढंच त्याचं काम. रोज आठ-आठ तास कीबोर्ड बडवूनसुद्धा आपल्यापैकी कित्येकांच्या हे लक्षातही आलेलं नसतं. चांगल्या इंटरफेसची खूणच ती. तो आपलं काम करून गप्प बसतो.

सध्या आपल्याकडे यूआय डिझाइन शिकायची लाट आहे. कॉम्प्युटर आणि आयटीवाले तर आहेतच, पण मेकॅनिकल-सिव्हिलवालेही रात्री जागून स्क्रीन्स रंगवताना दिसतात. रूमवर एकच प्रश्न हमखास निघतो, की नेटवर कुठून शिकायचं? सीनियर मंडळी आपापल्या याद्या देतात, आपण त्या सेव्ह करतो, आणि त्या तशाच पडून राहतात. या लेखाच्या शेवटी मीही एक छोटी यादी देणार आहे, पण त्याआधी एका माणसाचं चरित्र सांगतो. कारण ते माहीत असेल तर त्या यादीतलं निम्मं आपोआप कळेल. हा माणूस वारला १८५२ साली. कॉम्प्युटर सोडाच, टाइपरायटरसुद्धा त्या काळी बाजारात आलेला नव्हता. त्याचं नाव लुई ब्रेल.

ब्रेल म्हणजे अंधांची लिपी शोधणारा, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याने नक्की काय केलं, कसं केलं आणि त्यासाठी त्याला कोणाशी भांडावं लागलं, हे सहसा कोणी सांगत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर कुपव्रे नावाचं एक खेडं आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवायचे. घरालाच लागून वर्कशॉप. चार भावंडांतला हा सगळ्यात धाकटा, वडिलांच्या पायात पायात घुटमळणारा. तीन वर्षांचा असताना एक दिवस कातड्याला भोक पाडायची आरी त्याच्या हातात आली, ती निसटली आणि थेट डोळ्यात घुसली. त्या काळी अँटिबायोटिक्स वगैरे काही नव्हतंच. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत पोरगं दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळं झालं.

त्या काळी अशा मुलाचं काय व्हायचं? बहुतेकांच्या नशिबी रस्त्यावर भीक मागणं. पण लुईच्या आईवडिलांनी हात टेकले नाहीत. वडिलांनी त्याला काठ्या करून दिल्या आणि गावभर एकट्याने हिंडायला शिकवलं. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांनी त्याला अक्षरांचे आकार ओळखायला शिकवले, असंही सांगतात. गावच्या पाद्र्याने त्याला शिकवायला घेतलं, मग गावच्या शाळेत घातलं. पोरगं नुसतं ऐकून ऐकून वर्गात पुढे राहिलं. शेवटी गावच्या जमीनदाराची ओळख कामी आली आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, लुईला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत प्रवेश मिळाला.

तिथून पुढे तो मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेहेतीस वर्षं, तो त्याच संस्थेत राहिला. आधी विद्यार्थी म्हणून, मग शिक्षक म्हणून. आपण चार वर्षांत होस्टेलला वैतागतो. त्याची तर इमारतही जुनाट आणि ओल धरलेली. पुढे त्याला क्षय झाला, तो या ओलीनेच, असं त्याचे चरित्रकार मानतात.

आता मुद्द्याचं. ही संस्था १७८० च्या दशकात व्हॅलेंटिन हाउई नावाच्या भल्या माणसाने काढली होती. अंध मुलं वाचू शकतील हे त्याने जगाला पहिल्यांदा दाखवून दिलं, त्यामुळे त्याचं श्रेय मोठंच. त्याची पद्धत अशी. नेहमीचीच रोमन अक्षरं मोठ्या आकारात घ्यायची, ओला जाड कागद त्यांच्यावर दाबायचा आणि कागदावर अक्षरांचा उठाव आणायचा. मुलांनी त्या उठावावरून बोट फिरवून अक्षर ओळखायचं.

ऐकायला झकास वाटतं. बघायला त्याहून झकास, पाहुणे खूश होऊन जायचे. पण वापरायला? एका अक्षराची सगळी वळणं बोटाने गिरवायची, ते ओळखायचं, मग पुढचं. ओ, सी, जी आणि क्यू या चौघांत फरक तो केवढा? डोळ्याला तो एका क्षणात दिसतो, बोटाला मात्र प्रत्येक वेळी शोधावा लागतो. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची पाळी. अक्षरं मोठी, त्यामुळे पुस्तकंही अवाढव्य आणि जड, आणि संस्थेत ती होती अगदी मोजकी. सगळ्यात वाईट म्हणजे या पद्धतीत मुलांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. छापखान्याचे खिळे आणि ओला कागद घेऊन घरी पत्र कोण लिहिणार? म्हणजे आपल्या भाषेत, आउटपुट कसंबसं होतं, इनपुट नव्हतंच.

चूक कुठे होती? हाउईची कळकळ खरी होती. पण ही अक्षरं घडली डोळ्यांसाठी, शतकानुशतकं डोळ्यांनीच ती घासूनपुसून सुबक केली. तीच अक्षरं जराशी उचलून बोटांच्या हवाली केली, की बोटांचं काम भागेल, असं त्याने गृहीत धरलं. डिझाइन करणाऱ्याला स्वतःला जे सोपं, ते वापरणाऱ्यालाही सोपंच असणार, हे गृहीतक आजही शंभर अ‍ॅप्स बुडवतं.

१८२१ मध्ये संस्थेत शार्ल बार्बिए नावाचे एक गृहस्थ आपली एक नवी पद्धत घेऊन आले. हे तोफखान्यातले माजी अधिकारी. अंधारात दिवा न लावता सैनिकांना निरोप वाचता यावा म्हणून त्यांनी ही लिपी काढली, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण बार्बिएंना खरा रस होता तो ज्यांना शाळा मिळाली नाही अशा सगळ्यांसाठी सोपं लेखन शोधण्यात. त्यांनी रोमन अक्षरं बाजूला ठेवली आणि उठावाचे ठिपके वापरले. शिवाय ठिपके पाडायला एक खाचांची पट्टी आणि टोकदार लेखणी दिली. म्हणजे इनपुटचा प्रश्न एका झटक्यात सुटला!

बार्बिएंची पद्धत आपल्यासारख्यांना पटकन कळेल. फ्रेंच भाषेतल्या उच्चारांचं त्यांनी सहा बाय सहाचं मॅट्रिक्स केलं. प्रत्येक उच्चाराचा पत्ता म्हणजे ओळ आणि स्तंभ, आपलं आय आणि जे. चौथ्या ओळीतला तिसरा उच्चार लिहायचा, तर डाव्या उभ्या रांगेत चार ठिपके आणि उजव्या रांगेत तीन. गणित म्हणून निर्दोष. पण वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी ठिपके मोजायचे, मग मनातल्या मनात तक्ता आठवायचा आणि मग उच्चार शोधायचा. शिवाय एका घरात उभे सहा ठिपके, म्हणजे घर बोटाच्या पेरापेक्षा उंच. बोट वर-खाली सरकवल्याशिवाय ते पुरतं कळायचं नाही. उच्चारांवर बेतलेली असल्यामुळे या पद्धतीत शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत आणि संगीताची लिपीही नाही.

मुलं मात्र ठिपक्यांवर खूश झाली. उठावाच्या रेघेपेक्षा सुटा ठिपका बोटाला जास्त स्पष्ट लागतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. त्या मुलांत बारा वर्षांचा लुई होता.

पुढची तीन वर्षं त्याने या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. दिवसा वर्ग, संगीत आणि हस्तकला, रात्री सगळे झोपल्यावर पट्टी आणि लेखणी. सुटीत कुपव्रेला गेला की तिथेही तेच. गंमत बघा, कागदावर ठिपका पाडायची ती टोकदार लेखणी म्हणजे जवळजवळ वडिलांच्या वर्कशॉपमधली आरीच. जिने डोळे गेले, तिच्याच जातीच्या हत्याराने हा पोरगा वाचायची वाट खणत होता. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत बहुतेक तयार झाली.

त्याने केलं काय? आधी घर निम्मं केलं. बाराऐवजी सहाच ठिपके, तीनच्या दोन उभ्या रांगा. या एका बदलामुळे संपूर्ण अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावायला लागलं. आजच्या ब्रेलमध्ये शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं. बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगवेगळ्या कळायला दोन-तीन मिलिमीटर अंतर लागतं, म्हणजे माप अगदी सीमारेषेवर बसतं. लुईकडे ना व्हर्नियर होता ना फिजिऑलॉजीचं पुस्तक. स्वतःचं बोट हेच त्याचं मोजमापाचं यंत्र.

मग त्याने मोजणी काढून टाकली. किती ठिपके यापेक्षा कुठे ठिपके याला महत्त्व आलं. अक्षर म्हणजे एक आकृती, बोट टेकलं की ओळखायची. ओळखीचा माणूस समोर आला की आपण त्याचं नाक-डोळे मोजत बसतो का? तसंच हे.

जरा हिशोब करून बघा. बारा ठिपक्यांच्या घरात दोनचा बारावा घात, म्हणजे ४०९६ आकृत्या होऊ शकतात. बार्बिए त्यातल्या वापरत होते ३६. सहा ठिपक्यांच्या घरात दोनचा सहावा घात, म्हणजे ६४. कोरं घर सोडलं तर ६३. निम्म्या जागेत लुईने जवळजवळ दुप्पट चिन्हं मिळवली. त्यात अक्षरं बसली, फ्रेंचमधली स्वरचिन्हांची अक्षरं बसली, विरामचिन्हं बसली.

आणि पाठ करायला सोपं पडावं म्हणून मांडणीत एक नियम ठेवला. पहिली दहा अक्षरं, ए पासून जे पर्यंत, फक्त वरच्या चार ठिपक्यांत. पुढची दहा, के पासून टी पर्यंत, म्हणजे तीच दहा अधिक डावीकडचा सगळ्यात खालचा ठिपका. त्यापुढची, तीच अधिक खालचे दोन्ही. म्हणजे दहा आकृत्या आणि एक नियम शिका, बाकी सगळं आपोआप येतं. डब्ल्यू मात्र या नियमात बसत नाही. कारण तेव्हाच्या फ्रेंच वर्णमालेत ते अक्षरच नव्हतं, ते नंतर जोडलं गेलं. जुन्या कोडमध्ये मागाहून फीचर घुसवलं की काय होतं, त्याचा हा दोनशे वर्षांचा नमुना! आजच्या ब्रेलमध्ये आकड्यांसाठीही नवी चिन्हं नाहीत. आधी आकड्याची खूण द्यायची आणि मग ए ते जे हीच अक्षरं १ ते ० अशी वाचायची. आपली शिफ्ट की तरी वेगळं काय करते?

१८२९ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यात शब्दांबरोबर संगीतही होतं, कारण तो स्वतः उत्तम ऑर्गन वाजवायचा आणि पुढे पॅरिसच्या चर्चमध्ये वादक म्हणून नोकरीही करत होता. बार्बिएंचं ऋण त्याने पुस्तकात मोकळेपणी मान्य केलं. पण पुस्तक छापलं होतं कशात? हाउईच्या त्याच उठावाच्या रोमन अक्षरांत! दुसरी सोयच नव्हती.

या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही लहान रेघाही होत्या. मुलांनी पद्धत रोज वापरायला घेतली तेव्हा रेघा गैरसोयीच्या ठरल्या. १८३७ च्या सुधारित आवृत्तीत लुईने त्या सरळ काढून टाकल्या. स्वतःच्या छापील पुस्तकातली गोष्ट वापरणाऱ्यांचा अनुभव बघून रद्द करायला मन मोठं लागतं. प्रोजेक्टच्या डेमोत कोणी एक बटण हलवायला सांगितलं तर आपला चेहरा कसा होतो ते आठवा. त्याच वर्षी संस्थेत फ्रान्सच्या इतिहासाचं पुस्तक तीन खंडांत ब्रेलमध्ये तयार झालं. ब्रेलमधलं ते पहिलं पुस्तक.

आता वाटेल की झालं, जग जिंकलं. छे! संस्थेचे तेव्हाचे संचालक पिन्ये हे लुईच्या बाजूने होते आणि मुलांना ठिपके वापरू देत होते, पण अधिकृत मान्यता काही मिळाली नव्हती. डोळस शिक्षकांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं की अंधांची लिपी वेगळी झाली तर अंध समाजापासून तुटतील. त्यांचं पत्र आई वाचू शकणार नाही आणि आईचं पत्र ते वाचू शकणार नाहीत. अर्थात, शिक्षकांना स्वतःला नवी लिपी शिकायचा कंटाळा, हाही भाग त्यात होताच.

लुईने या आक्षेपावर वाद घातला नाही, उत्तर शोधलं. १८३९ मध्ये त्याने आणखी एक पद्धत मांडली. रोमन अक्षराचा आकार ठिपक्यांच्या जाळीत पाडायचा, उंचीला दहा ठिपके. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके याचा तक्ता दिला. अंध माणसाने तक्त्याप्रमाणे ठिपके पाडायचे, डोळस माणसाने नेहमीसारखं वाचायचं. ओळखीचं वाटतंय ना? एसटीच्या तिकिटावर आणि जुन्या मार्कशीटवर जो डॉट मॅट्रिक्स प्रिंट असायचा, त्याचं तत्त्व हेच. पण हे हाताने करणं फार वेळखाऊ. तेव्हा त्याच्या मदतीला आला पिएर फूको, तोही अंध आणि हाताने मोठा कसबी. फिजिक्सवाल्यांनी गोंधळू नये, लोलकवाला लेआँ फूको वेगळा. या फूकोने दहा कळांचं यंत्र बनवलं आणि अंध माणसाला घरच्यांना वाचता येईल असं पत्र स्वतःच्या हाताने लिहिता येऊ लागलं.

पण १८४० मध्ये पिन्ये यांना पदावरून जावं लागलं आणि द्युफो संचालक झाले. त्यांनी ठिपके बंद केले. परदेशात चालणारी उठावाची अक्षरं पुन्हा आणली आणि विद्यार्थ्यांनी तीच वापरायची असा दंडक घातला. ब्रेलमधली पुस्तकं जाळली गेली, पट्ट्या आणि लेखण्या काढून घेतल्या गेल्या, असं चरित्रकार लिहितात. लुई तेव्हा तिथेच शिक्षक होता, एकतीस वर्षांचा, क्षयाने खंगत चाललेला. आपलं आयुष्यभराचं काम आपल्याच संस्थेत बेकायदा झालेलं त्याला सहन करावं लागलं.

मग पोरांनी काय केलं? होस्टेलची पोरं जे करतात तेच. लपूनछपून चालू ठेवलं. टोकदार काहीही हाती लागलं की त्याने ठिपके पाडायचे, एकमेकांना चिठ्ठ्या लिहायच्या, नोट्स काढायच्या. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवलं. ज्यांना बोटाने वाचता यायला लागलं होतं त्यांना परत गिरवत बसायला कोण लावणार?

हे बघून संस्थेच्या एका अधिकाऱ्याचे डोळे उघडले. उपसंचालक जोसेफ गादे यांनी मुलांचं निरीक्षण केलं आणि संचालकांचं मन वळवलं. १८४३ मध्ये संस्था नव्या, प्रशस्त इमारतीत गेली. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिचं रीतसर उद्घाटन झालं, तेव्हा जमलेल्या पाहुण्यांसमोर ब्रेल पद्धतीचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं. बंदी घालणाऱ्या द्युफोंच्याच कारकिर्दीत हे घडलं. त्यांनी आपलं मत बदललं, हेही त्यांच्या नावावर मांडायला पाहिजे.

लुईच्या हाती मात्र फार वेळ उरला नव्हता. आजारपणामुळे कधी शिकवायचा, कधी महिनोन् महिने गावी पडून असायचा. स्वभाव अबोल. गरजू विद्यार्थ्यांना स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून पैसे द्यायचा. त्याच्या मागे एक पेटी निघाली, ती न उघडता जाळावी अशी त्याची इच्छा होती. उघडली तर आत विद्यार्थ्यांनी लिहून दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या होत्या, असं सांगतात. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, संस्थेतच त्याचा मृत्यू झाला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखलही घेतली नाही.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, संस्थेने ब्रेल अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. अमेरिकेत वेगवेगळ्या ठिपका-लिप्यांची भांडणं त्यानंतरही कित्येक वर्षं चालली. इंग्रजी ब्रेलचं एक प्रमाण ठरायला १९३२ उजाडलं. यूएसबीच्या वायरी एकसारख्या का नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी नेले. कुपव्रेच्या लोकांनी मात्र त्याचे हात आपल्याकडेच ठेवून घेतले. गावच्या दफनभूमीत ते आजही आहेत.

आपल्याकडे काय झालं? भारतात आधी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती होत्या. १९५१ मध्ये त्या सगळ्यांना एकत्र आणणारी भारती ब्रेल ठरली. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, उच्चार सारखा तर ठिपके सारखे. आपला क म्हणजे इंग्रजी के चेच ठिपके, म म्हणजे एम चे, ल म्हणजे एल चे. यात एक मजा आहे. छापील मराठीत कि लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, जसं आपण उच्चारतो तसं. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, सगळं एका ओळीत, कारण बोट एका ओळीतच पुढे सरकतं. मोबाइलमध्ये युनिकोड मराठी साठवली जाते तेव्हाही क आधी आणि वेलांटी नंतर, हा योगायोग छान आहे. १९९९ पासून ब्रेलचे ठिपकेही युनिकोडमध्ये आहेत. २००९ मध्ये, लुईच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, आपल्या सरकारने त्याचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं काढलं. कँटीनच्या सुट्ट्यात एखादं मिळालं तर जपून ठेवा.

ब्रेलमध्ये त्रुटी नव्हत्या असं नाही. पाटीवर लिहिताना कागदाच्या मागून ठिपके टोचावे लागतात, म्हणून उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं आणि कागद पलटून सुलटं वाचायचं. १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल याने सहा कळांचं यंत्र काढून ती अडचण दूर केली. एका अक्षराचे सगळे ठिपके एकाच वेळी दाबायचे. आज अँड्रॉइड फोनच्या काचेवर सहा बोटांनी ब्रेल टाइप करता येतं, ते त्याच वंशातलं. वरचं यंत्र दोनदा बदललं, पण खालचे सहा ठिपके तेच राहिले.

आता कबूल केलेली यादी. तीही लुईच्या चष्म्यातून, म्हणजे त्याच्या बोटांतून म्हणा हवं तर.

पहिलं, डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या वेब अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागाची पानं. सगळं फुकट. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किती फरक हवा, चित्राला वर्णन का द्यायचं, माउसशिवाय पान कसं चालवायचं, हे उदाहरणांसकट दिलेलं आहे. दुसरं, जेकब नील्सन यांचे दहा नियम. १९९४ पासून ते जवळजवळ तसेच टिकून आहेत आणि त्यांच्या संस्थेच्या साइटवर वाचायला मिळतात. त्यातला एक नियम सांगतो की वापरणाऱ्याला आठवायला लावू नका, ओळखू द्या. बार्बिए आणि ब्रेल यांच्यातला फरक तो हाच! तिसरं, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने उभं राहिलेलं डी-सोर्स. डिझाइनचे धडे आणि भारतातल्या कारागिरीवरचं भरपूर साहित्य तिथे आहे. चौथं, एनपीटीईएलवरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्सेस. ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन असं शोधा.

पाचवं वाचायचं नाही, वापरायचं आहे. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि तो आजही फुकट आहे. तो कॉम्प्युटरवर टाका, मॉनिटर बंद करा आणि स्वतः बनवलेल्या साइटवर एक फॉर्म भरून दाखवा. फोनवर करायचं तर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीपासून असतोच. पाच मिनिटांत कळेल की आपल्या सुंदर बटणाचं नाव स्क्रीन रीडर फक्त बटण एवढंच सांगतोय. तेवढ्याने आपल्याला अंधत्व कळलं असं मात्र समजू नका. पाच मिनिटं गोंधळून उठणं वेगळं आणि त्यातच रोज काम करणं वेगळं. खरं तपासायचं तर रोज वापरणाऱ्या माणसालाच विचारलं पाहिजे. मुंबईत १९५२ पासून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, आणि तुमच्या गावातही अंधांची शाळा किंवा संस्था असू शकेल. चौकशी करा आणि आधी परवानगी घेऊन जा.

फायनल इयरचे प्रोजेक्ट आता सुरू होतील. अंध व्यक्तींसाठी काठी, चष्मा, अ‍ॅप असे दोन-तीन विषय दरवर्षी असतातच. सिनॉप्सिस लिहून सबमिट करायच्या आधी, सर्किट जोडायच्या आधी, ज्याच्यासाठी करतोय त्या एका माणसाला तरी भेटून या. त्याला काय हवंय ते विचारा, तो आत्ता काय वापरतो ते बघा. कदाचित तुमचा विषयच बदलेल. बदलला तर बदलू द्या. लुईने छापलेल्या रेघा खोडल्या होत्या, आपली तर अजून सिनॉप्सिसही छापलेली नाही.